लांबून टाळ्या

१ जुलै २०२४ ची रात्र. नऊ वाजून गेले होते. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज दोनदा जाऊन आली होती आणि आम्ही नववीच्या वह्या पुढ्यात घेऊन बसलो होतो. तेवढ्यात जिद्दाहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला.

आम्ही म्हणजे हे लिहिणारा एकटाच. उर्दूत शिकलो, उर्दूतच शिकवतो. ‘हम’ म्हणायची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही, वाचकांनी ती चालवून घ्यावी.

फोनमध्ये भावाचा चेहरा दिसेना. दिसत होती ती त्याची खोली. सहा पलंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि एका पलंगावर दाटीवाटीने बसलेली चार-पाच माणसं. सगळ्यांच्या माना एका मोबाइलवर वाकलेल्या. मग एकदम आरडाओरडा झाला. एक उंच, सावळा, चाळिशीकडे झुकलेला माणूस उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

“काय झालं? कोणी गेलं का?” आम्ही घाबरून विचारलं.

“नाही भाईजान, जिंकला! बिनियम जिंकला!” भाऊ ओरडला.

कोण बिनियम, काय जिंकला, काही कळेना. सायकलची शर्यत आहे, फ्रान्सची, पण आजचा शेवट इटलीत होता, असं काहीबाही भाऊ सांगत होता. आम्ही वैतागलो. अम्मीची तब्येत कशी आहे हे विचारायला याला वेळ नाही आणि कुठल्या सायकलवाल्यासाठी फोन करतो! “उद्या बोलू,” म्हणालो आणि फोन ठेवला.

भावाचा फोन असा मध्येच ठेवायची आमची ती पहिली वेळ नव्हती. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी भावाने सगळं समजावून सांगितलं. रडणारा माणूस त्याचा खोलीतला सोबती, गॅरेजात त्याच्याच शेजारी काम करणारा. गाव केरेन, देश एरिट्रिया. आम्ही भूगोल शिकवतो, तरी या देशावर आम्ही कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललो नव्हतो. नकाशा उघडला. लाल समुद्राच्या, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या बहीरा-ए-अहमरच्या एका काठावर जिद्दा आणि पलीकडच्या काठावर, थोडं दक्षिणेला, एरिट्रियाचं मसावा बंदर. नकाशावर बोट ठेवलं तर अंतर एका पेराइतकं. भावाच्या या सोबत्याने ते अंतर अकरा वर्षांत ओलांडलेलं नव्हतं.

आदल्या रात्री जिंकला तो बिनियम गिरमाय. २००० सालचा, अस्मारा या राजधानीत जन्मलेला. अस्मारा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत वाढलेल्या पोरांची छाती सायकलीसाठीच घडते म्हणतात. सायकल तिथे आणली इटालियनांनी. १८९० पासून १९४१ पर्यंत एरिट्रिया ही इटलीची वसाहत होती. साहेब लोक शर्यती लावायचे, पण त्यात स्थानिकांना भाग घ्यायला मनाई. १९३९ मध्ये एकदा दोघांना एकत्र पळवून बघू असं ठरलं आणि गेब्रेमरियम गेब्रू नावाचा एरिट्रियन पहिला आला. साहेब गेले, सायकल राहिली. १९४६ मध्ये देशाची स्वतःची फेरी सुरू झाली. पुढे इथियोपियाशी तीस वर्षांचं युद्ध झालं, १९९३ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि बंद पडलेली ती शर्यत २००१ मध्ये पुन्हा धावू लागली. आपल्याकडे जसं गल्लीत बॅट आणि चेंडू, तसं तिथे सायकल.

१ जुलैचा तो टप्पा पियाचेंझाहून तुरिनपर्यंतचा, २३० किलोमीटरचा. टूर द फ्रान्स १९०३ पासून चालू आहे. सव्वाशे वर्षं होत आली, पण त्यातला टप्पा जिंकणारा कृष्णवर्णीय आफ्रिकन तोवर एकही झाला नव्हता. पहिला झाला तो गिरमाय, आणि तोही इटलीच्या भूमीवर. हे कळल्यावर आम्हाला त्या सोबत्याचं रडणं थोडंसं समजलं. थोडंसंच.

मग आम्हालाही नाद लागला. शाळेतून आलो की रात्री मोबाइलवर शर्यतीचा शेवट बघायचा. ६ जुलैला तो पुन्हा जिंकला, ११ जुलैला तिसऱ्यांदा. शेवटच्या रेषेवर आणि वाटेतल्या ठरावीक ठिकाणी पुढे येणाऱ्याला गुण मिळतात आणि सर्वांत जास्त गुणवाल्याच्या अंगावर हिरवी जर्सी असते. ती आता गिरमायच्या अंगावर होती. १६ जुलैला नीम शहरात, शेवट अगदी जवळ आलेला असताना, तो जोरात आपटला. आमच्या तोंडून “या अल्लाह!” निघालं, तशी अम्मी आतून विचारायला आली. जखमा बांधून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसला आणि २१ जुलैला नीस शहरात हिरवी जर्सी घालूनच शर्यत संपवली. ती कायमची जिंकणारा तो पहिला आफ्रिकन.

पण शर्यतीपेक्षा आम्ही बघू लागलो ते रस्त्याच्या कडेची माणसं. सायकलच्या शर्यतीला तिकीट नसतं. रस्ता सगळ्यांचा. सकाळपासून माणसं येऊन कठड्याला टेकून उभी राहतात, चार-पाच तास वाट बघतात आणि दीडशे-पावणेदोनशे सायकली अर्ध्या मिनिटात समोरून निघून जातात. आपला माणूस त्या घोळक्यात नीट दिसेल याचीही खात्री नाही. तरी जिथे गिरमाय धावतो, तिथे हिरवा, निळा आणि मध्ये लाल त्रिकोण असलेला झेंडा फडकताना दिसतोच. जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड, इंग्लंड इथे राहणारे एरिट्रियन लांबून गाड्या करून येतात. ढोल असतात, बायकांच्या अंगावर पांढरे वेष असतात, बापाच्या खांद्यावर पोरं असतात. त्याचा त्या वेळचा संघ बेल्जियमचा, म्हणून गोरे बेल्जियनही त्याला ‘बिनी’ म्हणून हाका मारतात. त्या पोरांनी अस्मारा पाहिलेलंही नसतं. त्यांच्यासाठी देश म्हणजे समोरून जाणारा तो अर्धा मिनिट.

यांच्यातल्या पुष्कळांना परत जाता येत नाही. एरिट्रियात १९९५ च्या कायद्याने राष्ट्रीय सेवा अठरा महिन्यांची ठरली. १९९८ ते २००० इथियोपियाशी सरहद्दीवर युद्ध झालं आणि त्यानंतर त्या अठरा महिन्यांना शेवटच राहिला नाही. माणूस तरुणपणी जातो आणि केस पिकले तरी सुटत नाही. म्हणून पोरं रात्री सरहद्द ओलांडतात. भावाचा सोबतीही असाच सुदानमार्गे निघालेला. परदेशातल्या एरिट्रियनाला सरकारी कागद हवा असेल तर आपल्या कमाईचे २ टक्के सरकारकडे भरावे लागतात. काही जण भरतात, काही जण भरणार नाही म्हणतात, आणि त्यावरून भाऊबंद एकमेकांचं तोंड बघत नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या गीसनमध्ये आणि स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये एरिट्रियन महोत्सवांच्या वेळी सरकारच्या बाजूचे आणि विरोधातले लोक रस्त्यावर भिडले. विरोधकांचा झेंडाही वेगळा, १९५२ चा निळा.

भावाच्या खोलीत तिघे एरिट्रियन. त्यातले दोघे याच भांडणापायी सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच चुलीवर दोन वेगवेगळ्या वेळी चहा करायचे. १ जुलैला ते दोघे एका पलंगावर बसले होते, कारण मोबाइल एकच होता आणि बाकी सगळ्यांचा डेटा संपला होता. जिंकल्यावर एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. दिलजमाई वगैरे काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी चहा मात्र एकाच भांड्यात झाला.

एकदा आम्ही त्या सोबत्याशी फोनवर बोललो. त्याची उर्दू गॅरेजात शिकलेली, पण बरी. आम्ही मास्तर पडलो, प्रश्न विचारायची खोड. “तुम्ही केरेनचे, तो अस्माराचा. तुम्ही मुसलमान, तो ख्रिस्ती. तुमची मादरी जबान वेगळी, त्याची वेगळी. मग एवढा जीव का टाकता?”

तो हसला. म्हणाला, “मास्टरसाब, वो घर जाता है।”

आम्हाला कळलं नाही. तेव्हा त्याने २०२२ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी २७ मार्चला बेल्जियममध्ये गेन्ट–वेवेलगेम ही २५० किलोमीटरच्या आसपासची मोठी शर्यत गिरमायने जिंकली. ती जिंकणारा पहिला आफ्रिकन. दुनिया त्याच्या मागे लागली, की पुढच्या रविवारी त्याहून मोठी शर्यत आहे, फ्लँडर्सची, तीही पळ. एकवीस वर्षांचं पोर, हातात नशीब आलेलं. त्याने नाही म्हणून सांगितलं. तीन महिने झाले होते घर सोडून; घरी बायको होती आणि तान्ही मुलगी होती. आधी ठरल्याप्रमाणे तो विमानात बसला आणि अस्मारात उतरला.

“हमने वो शर्यत भी देखी,” सोबती म्हणाला, “पर वो घर गया, वो ज्यादा देखा।” मग म्हणाला, आम्ही अकरा वर्षं जाऊ शकत नाही. आमच्यातला एक जण जातो, बेटीला उचलून घेतो, आईच्या हातचं खातो. तेवढं आम्हाला पुरतं.

आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलो.

आता ती राहिलेली गोष्ट. २०१९ मध्ये अब्बा गेले. भाऊ तेव्हा जिद्दाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याला सुट्टीचा कागद वेळेवर मिळाला नाही. त्याने आम्हाला विनवलं, “भाईजान, फोन चालू ठेवा. मी काही बोलणार नाही. नुसता बघेन.” आमच्या एका चुलतभावाने मोबाइल हातात धरला होता. कबरस्तानात माणसं रांगेने माती देत होती आणि फोनमधून भावाच्या हुंदक्यांचा आवाज यायला लागला. लोक वळून बघू लागले. आम्हाला लाज वाटली. त्याहून खरं सांगायचं तर राग आला. अब्बांच्या आजारपणात रात्री जागलो आम्ही, दवाखान्यात धावलो आम्ही, खांदा दिला आम्ही आणि हा लांबून रडतोय! चुलतभावाच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

दोन महिन्यांनी भाऊ आला. त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. कबरीवर गेला, परत आला, जेवला. आम्हीही विषय काढला नाही. पाच वर्षं असंच चाललं.

त्या रात्री ओटीवर बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, की तेव्हा आम्ही त्याच्या वतीने तिथे उभे होतो. एवढंच काम होतं. मूठभर माती त्याच्या नावाने टाकायची आणि त्याला ती बघू द्यायची. लांबचा माणूस दुसरं काय मागतो? मोबाइलवर डोळे लावून बसलेले ते एरिट्रियन आम्हाला रिकामटेकडे वाटले होते. आपला भाऊही आम्हाला असाच वाटला होता, पैसे पाठवून मोकळा झालेला.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर आम्ही कबरस्तानात गेलो आणि भावाला फोन लावला. काही न बोलता कॅमेरा अब्बांच्या कबरीकडे धरला. पावसात गवत माजलं होतं. एका हाताने गवत उपटत राहिलो. पलीकडून आवाज नाही. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग भाऊ म्हणाला, “उजवीकडचं राहिलंय, भाईजान.” उजवीकडचंही उपटलं.

२०२५ च्या टूरमध्ये लील शहरात पहिल्याच दिवशी गिरमाय दुसरा आला आणि पुढे त्या शर्यतीत त्याला एकही टप्पा जिंकता आला नाही. सप्टेंबरमध्ये जागतिक स्पर्धा प्रथमच आफ्रिकेत, रवांडाच्या किगालीत भरली. आम्ही वर्गात नकाशा लावून एरिट्रिया दाखवला, किगाली दाखवलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, आता तो जिंकत नाही, तर ते लोक अजून टाळ्या वाजवतात का?” आम्ही म्हणालो, वाजवतात. त्याने कारण विचारलं नाही, नाहीतर ते सांगण्यात पूर्ण तास गेला असता.

सोबती अजून जिद्दालाच आहे. केरेनला फोन कधी लागतो, कधी लागत नाही. भाऊ यंदा ईदला येणार म्हणतो. नाही जमलं, तर फोन ओटीवरच्या कोनाड्यात उभा करून ठेवायचा असं अम्मीने ठरवलं आहे, सकाळच्या नमाजपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. चार्जर लांब वायरचा आणून ठेवला आहे.