दादाने पळवलेली आग

दादाने रिमोट दाबला आणि लिलिपुटच्या महालाला लागलेली आग क्षणात विझली. कशी विझली ते कोणाला दिसलंच नाही. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आषाढीचा दिवस. पिंप्राळ्याचा रथ बघून सगळे घरी आलेले, फराळ आटोपलेला. मी पेन ड्राइव्हवर १९९६ची टेड डॅन्सनची ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ मालिका लावली. इंग्रजी मीच मधूनमधून मराठीत सांगत होतो. एरवी गलिव्हर म्हणजे दोरांनी बांधलेला माणूस, तेवढाच. जावेद जाफरीचा २००३चा ‘जजंतरम ममंतरम’ही बुटक्यांपाशीच थांबतो. ही मालिका मात्र चारही सफरी दाखवते, उडतं बेट आणि बोलके घोडे धरून.

तर ती आग. पुस्तकात राणीचा महाल पेटतो. लिलिपुटच्या बादल्या शिंप्याच्या अंगुस्तानाएवढ्या, पाणीही लांब. आदल्या रात्री गलिव्हर भरपूर दारू प्यायलेला. तो सरळ महालावर लघवी करतो, तीन मिनिटांत आग खलास! पण राजवाड्याच्या आवारात लघवी केली तर मृत्युदंड, असा तिथला कायदा. पुढे त्याच्यावर राजद्रोहाचं आरोपपत्र निघतं, त्यात पहिलं कलम हेच. मग त्याचा मित्र म्हणवणारा मंत्री दया सुचवतो : मारू नका, नुसते डोळे फोडा. आणि वर राजाच्या दयाळूपणाचे गोडवे! १७२६ साली हे छापणारा स्विफ्ट डब्लिनच्या कॅथीड्रलचा डीन होता. त्या धर्मगुरूला लाज वाटली नाही, आमच्या दादाला वाटली. लहान मुलं बसलीत, म्हणे.

“काका, आग विझवली तं राणी का चिडली?” धाकट्याने विचारलं. वहिनीने डोळे वटारले, तरी मी सांगून टाकलं. मुलं लोळून हसली. आई म्हणाली, “घर वाचलं ना तिचं? मंग?” स्विफ्टचा मुद्दा आईला कळायला रिमोट लागला नाही.

बाकी मालिकेनेही पदरचं कमी घातलेलं नाही. गलिव्हर परततो तो थेट वेड्यांच्या इस्पितळात. पुस्तकात असलं काही नाही. शेवटी त्याचा मुलगा लिलिपुटची इवलीशी मेंढी पुढे आणतो, बाप खरा ठरतो, वहिनी डोळे पुसते. पुस्तकातला गलिव्हर शेवटच्या सफरीहून आल्यावर बायकोने मिठी मारताच जवळजवळ तासभर बेशुद्ध पडतो. त्याला घरच्यांचा वास सोसत नाही. रोज चार तास तबेल्यात घोड्यांशी बोलतो. हे जसंच्या तसं दाखवलं असतं तर आई उठून झोपायला गेली असती. खरं सांगायचं तर मलाही मेंढीच बरी वाटली. म्हणजे कापाकापीला माझा सरसकट विरोध आहे, असं आता म्हणता येत नाही. पण आग कापली की राणीचा राग अधांतरी राहतो आणि राजाची ती दया नुसतीच दुष्ट वाटते, हास्यास्पद वाटत नाही.

दादाला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने अख्ख्या वर्गाला महाल कसा विझला ते साभिनय सांगितलं. बाईंचा फोन आला, तो दादाला.