मागचे पाय कसे होते?

माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी; घोडे जातील तिकडे बाबा. त्यामुळे २०१२ च्या जूनमध्ये मी रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींना निघाले, तेव्हा इंग्लंडमधल्या मैत्रिणींनी टोपी कोणती घालणार ते विचारलं आणि बाबांनी फोनवर विचारलं, "घोडे जवळून बघायला मिळतील का?"

सुट्टी दोनच दिवसांची मिळाली, मंगळवार आणि शनिवार. तिकीट सिल्व्हर रिंगचं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त. तिथून विजयखांब पुढे राहतो, शेवटच्या काही ढांगा नीट दिसत नाहीत. पण कठडा अगदी मैदानाला लागून. घोडे समोरून गेले की पायाखालची जमीन हलते.

मंगळवारची पहिलीच शर्यत क्वीन अ‍ॅन स्टेक्स, सरळ एक मैलाची. फ्रँकेल धावणार होता. दहापैकी दहा जिंकलेला. लहानपणी हा घोडा इतका ओढायचा की लगाम धरणाऱ्याचे हात भरून यायचे. त्याला मारून-मुटकून नव्हे, तर धीरानं शांत केलं हेन्री सेसिल या ट्रेनरनं. ते स्वतः तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते. पडद्यावर त्यांचा खंगलेला चेहरा दिसला आणि आमच्या बाजूचा गलका क्षणभर ओसरला.

घोडे आले तेव्हा फ्रँकेलवरचा टॉम क्वीली अजून निवांत बसला होता. मग त्यानं घोड्याला मोकळं सोडलं. मागे राहिलेला एक्सलब्रेशन काही ऐरागैरा नव्हता. पहिल्या प्रतीच्या शर्यती जिंकणारा घोडा, पण फ्रँकेलच्या मागे राहण्याची ही त्याची पाचवी वेळ. अंतर पडलं अकरा लेंग्थचं, म्हणजे अकरा घोड्यांच्या लांबीएवढं. एवढ्या वरच्या शर्यतीत अकरा! त्या रात्री फोन केला तेव्हा बाबा जागेच होते. अकरा म्हटल्यावर ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "स्क्वांडरर सोडून मी कुणाला मोठं म्हटलं नाही. पण हे वेगळं दिसतंय." स्क्वांडरर म्हणजे १९७७ ची इंडियन डर्बी जिंकलेला, १९ पैकी १८ शर्यती मारलेला. बाबांच्या तोंडी त्याच्या शेजारी दुसरं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या आठवड्यात बाकीही बरंच घडलं. शुक्रवारी राणी एलिझाबेथची एस्टिमेट ही घोडी क्वीन्स व्हाज जिंकली. पुढच्या वर्षी तिनंच गोल्ड कप मारला. गादीवरच्या राज्यकर्त्याच्या घोड्यानं तो जिंकण्याची ती पहिली वेळ. आणि सिमेनन. मंगळवारी अडीच मैल धावून जिंकलेला हा घोडा शनिवारी पावणेतीन मैलांची शर्यतही जिंकून गेला. त्याचं कौतुक फार कमी झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शनिवारी गर्दी ऑस्ट्रेलियाची होती. ब्लॅक कॅव्हिअर या त्यांच्या घोडीच्या जॉकीच्या रंगांचे, गुलाबीसर कापडावर काळे ठिपके असलेले टाय आणि टोप्या घालून माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. तिकडे मेलबर्नमध्ये मध्यरात्र उलटली तरी भर चौकात मोठ्या पडद्यासमोर लोक उभे होते. एकवीसपैकी एकवीस जिंकलेली घोडी, विमानातून एवढा लांबचा प्रवास करून आलेली. शर्यत सहा फर्लांगांची, डायमंड ज्युबिली स्टेक्स.

ती आमच्यासमोरून पुढेच गेली, पण मला काहीतरी खटकलं. तिच्या जुन्या शर्यती मी पाहिल्या होत्या. त्यांत शेवटच्या टप्प्यात ती लांब ढांगा टाकत बाकीच्यांपासून सुटून जायची. आज सुटत नव्हती. लाउडस्पीकरवरचा आवाज चिरकला. जॉकी ल्यूक नोलननं जिंकलो समजून हात सैल सोडले आणि तेवढ्यात फ्रान्सची मूनलाइट क्लाउड अंगावर आली. निकाल फोटोवर गेला. शेजारच्या बाईंनी माझा दंड घट्ट धरला; आम्ही एकमेकींचं नावही विचारलेलं नव्हतं. ब्लॅक कॅव्हिअर जिंकली, फक्त डोक्याएवढ्या अंतरानं. नंतर राणी स्वतः खाली आली आणि तिनं घोडीच्या नाकावरून हात फिरवला.

आजूबाजूला लोक नोलनला शिव्या घालत होते. काही जण म्हणत होते, फ्रँकेलपुढे ही काहीच नाही. मीही हिरमुसले होते. फोनवर बाबांना तसंच सांगितलं.

बाबांनी एवढंच विचारलं, "मागचे पाय कसे होते?"

"मला नाही दिसले, बाबा."

"अगं, जोर मागून येतो. घोडी सुटत नसली तर आधी मागचे पाय बघायचे. जॉकीला नंतर बोलायचं." रोज शर्यतीनंतर घोड्याच्या मांडीपासून खुरापर्यंत हात फिरवत गेलेली त्यांची वर्षं त्या वाक्यात होती.

तपासणीत कळलं, तिच्या मागच्या भागाचे स्नायू फाटले होते. त्या अंगानिशी ती परक्या मैदानावर धावली आणि तरी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. तेव्हापासून माझं मत ठाम आहे. फ्रँकेलइतका वेगवान घोडा मी पाहिला नाही, पुन्हा पाहीन असंही वाटत नाही. पण त्या आठवड्यातली सगळ्यांत मोठी धाव त्या अकरा लेंग्थची नव्हती, या एका डोक्याची होती.

फ्रँकेल त्याच ऑक्टोबरमध्ये चौदापैकी चौदा जिंकून थांबला. सेसिल २०१३ च्या जूनमध्ये गेले. ब्लॅक कॅव्हिअर आता पळणार नाही, असं बरेच जण धरून चालले होते. २०१३ च्या फेब्रुवारीत ती मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनवर परत उतरली आणि हजार मीटर ५५.४२ सेकंदांत धावून त्या मैदानाचा विक्रम मोडला. एप्रिलमध्ये थांबली तेव्हा तिचा हिशोब होता पंचवीसपैकी पंचवीस.