वही कुणाची?

जानेवारी २०२३ मधल्या एका सकाळी, सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घराच्या ओट्यावर अण्णा तीन तास बसून होते. आत माजघरात मी बी.कॉम.च्या तिसऱ्या सत्राचा पेपर देत होते. समोर लॅपटॉप आणि त्याचा कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर. खोलीत दुसरं कुणी दिसलं किंवा कुणाचा आवाज आला, की पडद्यावर सूचना उमटायची आणि तिची नोंद व्हायची. माझं घर दोन खोल्यांचं, भिंतीला भिंत लागून पिठाची गिरणी. तिथं तीन तासांची शांतता मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून अण्णांनी आपलं माजघर मला दिलं. पेपर संपवून बाहेर आले तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, की भाजीवाली ओरडायच्या आत अण्णांनी तिला हातानं खुणावून परतवलं. गल्लीतल्या पोरांचा चेंडू मांडीखाली धरून ठेवला. आणि स्वतःला खोकल्याची उबळ आली, तेव्हा काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन खोकून आले. एकदा नाही, चार वेळा. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते.

अण्णा माझे नात्यानं कुणी लागत नाहीत.

गणपती पेठेतल्या एका घाऊक किराणा दुकानात ते दिवाणजी होते. १९६१ साली, सतराव्या वर्षी, ते तिथं लागले. मी आले २०१७ च्या जुलैत. १ जुलैला जीएसटी लागू झाला होता आणि शेठजींना कॉम्प्युटरवर बिलं करणारं माणूस तातडीनं हवं होतं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धं सोडून माझं लग्न झालं होतं. पुढं मुलगा, त्याची शाळा, सासूबाईंचं आजारपण. टॅली मात्र मी एका क्लासात शिकले होते. एफ ५ दाबला की पेमेंट, एफ ६ ला रिसीट, एफ ८ ला विक्री, एफ ९ ला खरेदी, एवढं बोटांना पाठ होतं. त्या कळांमागं काय घडतं, हे मला सांगता आलं नसतं. स्क्रीनवर आकडे दोन्ही बाजूंना सारखे दिसले की माझं काम झालं, असं मी समजत होते.

अण्णा शेजारच्या गादीवर बसून कीर्द लिहायचे. कॉम्प्युटर आल्यावरही शेठजींनी त्यांची वही बंद केली नव्हती. रोज संध्याकाळी दिवे लागले की अण्णा रोकड मोजत आणि कीर्दीतली शिलक आणि पेटीतली शिलक जुळल्याशिवाय उठत नसत. दहा रुपयांसाठी सगळं दुकान अर्धा तास थांबलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा मला त्याचा राग यायचा, घरी मुलगा वाट पाहत असायचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. पाणी तिच्याही कितीतरी वर चढलं होतं. ओसरल्यावर दुकान उघडलं तेव्हा कॉम्प्युटर चिखलात होता, तेलाचे डबे तरंगून दाराशी अडकले होते आणि साखरेच्या पोत्यांत साखर उरली नव्हती. माळ्यावरच्या वह्या तेवढ्या वाचल्या, त्याही खालून ओल्या झालेल्या. आठ दिवस आम्ही दोरीला चिमटे लावून पानं वाळवली. मग अण्णा एकेक पान हातात घेऊन वाचू लागले आणि मी नव्या मशीनवर नोंदी घालू लागले. ज्या पानावरची शाई पसरली होती, तिथला आकडा ते दुसऱ्या बाजूनं काढायचे. माल कुणाला गेला, पैसे कधी आले, त्या दिवशीची शिलक किती होती, मग मधला आकडा किती असणार. एका नोंदीला दोन घरं असतात आणि एक घर वाहून गेलं तरी दुसऱ्यावरून त्याचा पत्ता लागतो, हे मी त्या चिखलात शिकले. दुहेरी नोंद पद्धतीचा इतका स्वच्छ धडा पुढं मला कुठल्याच व्हिडिओत मिळाला नाही.

पदवीचा विषय त्यानंतरचा. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम आले. आयोगाची मान्यता असलेल्या ऑनलाइन पदवीला वर्गात बसून मिळवलेल्या पदवीइतकीच किंमत, असं त्यांत स्पष्ट होतं. २०२१ मध्ये मी अर्ज भरायचं ठरवलं तेव्हा घरात आणि पेठेत एकच सूर होता, मोबाइलवर कुठं बी.कॉम. होतं का? अण्णांनी एवढंच विचारलं, "परीक्षा घेतात का?"

म्हटलं, घेतात. तीस गुण वर्षभराच्या कामाचे, सत्तर लेखी परीक्षेचे.

"मग खरी आहे. भर फॉर्म."

फीसाठी शेठजींनी बिनव्याजी उचल दिली. ती माझ्या नावे टाकताना अण्णांनी शेरा लिहिला होता, 'शिक्षणाकरिता'. ती उचल मी पगारातून फेडली. ते खातं बंद झालं.

रात्री दहाला भांडी आवरून मी ओट्याशी लॅपटॉप उघडायची. व्याख्यानं इंग्रजीत. बारावीला माझं पुस्तक मराठी होतं, 'पुस्तपालन व लेखाकर्म', त्यामुळं शब्द ऐकून अर्थ लागायचा नाही. मी व्हिडिओ थांबवून शब्द उतरवून घ्यायची आणि दुपारी दोन ते तीन पेठ पेंगत असताना ते अण्णांपुढं ठेवायची. अण्णांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. त्यांना इंग्रजी शब्द येत नव्हता, पण मी त्याचं काम सांगितलं की ते त्याचं नाव सांगत. लेजर म्हणजे खतावणी. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, आणि तो कळावा म्हणून त्यांनी मला गोदामातला जुना तराजू दाखवला. त्याच्या पारड्याची कड झिजून पातेलीच्या कडेसारखी पातळ झाली होती. "हा दरसाल थोडा थोडा विकला गेलाय. गिऱ्हाईक दिसलं नाही, एवढंच."

मी सगळ्यात जास्त अडखळले ती एका साध्या जागी. पुस्तक म्हणतं, पैसे आले की बँक खातं डेबिट करा, म्हणजे नावे टाका. पण मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो तो उलटा. पगार झाला की 'क्रेडिट', वीजबिल गेलं की 'डेबिट'. मी तीन रात्री त्यात अडकून होते. व्याख्यानात यावर एक वाक्य होतं, ते इतकं झरकन गेलं की माझ्या हाती लागलं नाही. अण्णांनी माझा मोबाइल हातात घेऊन लांब धरला, मेसेज माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं,

"ही वही कुणाची?"

मला कळेना.

"मेसेज कुणी पाठवला? बँकेनं. म्हणजे तिच्या वहीतलं लिहिलंय. तू पैसे ठेवलेस, बँक तुझं देणं लागली, तिनं तुझ्या खाती जमा धरले. तुझ्या वहीत बँक तुझं देणं लागते, म्हणून तू तिच्या नावे टाकायचे. रक्कम एकच, वह्या दोन. आधी वही कुणाची ते बघत जा, पोरी. मग बाजू आपोआप कळते."

त्या दिवसानंतर माझी नावे-जमाची चूक झाली नाही. कंपनीच्या हिशेबातले रोखे असोत की जीएसटीचं इनपुट क्रेडिट, आधी तोच प्रश्न मनात येतो. आज मी एका कर सल्लागाराकडं काम करते आणि नव्या मुलांनाही तोच प्रश्न विचारते.

दुसरी गोष्ट तेरजेची. पहिल्या सत्राच्या स्वाध्यायात माझ्या तेरजेत २७० रुपयांचा फरक राहिला. पन्नासेक खाती, दोन रात्री तपासली, फरक सापडेना. अण्णांनी कागद बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "निम्मे किती? एकशे पस्तीस. एकशे पस्तीसची नोंद चुकीच्या बाजूला गेलीय का बघ." नव्हती. "मग नवाने भाग घाल." गेला, तीस वेळा. "भाग पुरा गेला म्हणजे बहुतेक आकडे उलटे पडलेत. तिसावर एकच शून्य आहे, म्हणजे दहं आणि शतं यांची अदलाबदल. आणि त्या दोन आकड्यांत तीनचा फरक असणार. आठ-पाच, सात-चार, नऊ-सहा, असं काहीतरी शोध."

४,५८० च्या जागी मी ४,८५० लिहिले होते. पाच मिनिटांत सापडलं. हे का होतं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. शेजारच्या दोन आकड्यांची जागा बदलली की फरक नऊच्याच पाढ्यात पडतो, यात चमत्कार काही नाही. पण अण्णांना बीजगणित कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना ते शिकवलं त्यांच्या आधीच्या दिवाणजींनी, आणि त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.

माझ्याकडून अण्णांना एकच गोष्ट नवी मिळाली असावी. पहिल्याच घटकात लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूची माहिती होती. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचं गणितावरचं पुस्तक छापलं गेलं आणि त्यात दुहेरी नोंदीची पद्धत मांडलेली आहे. अण्णांना हे फार आवडलं. संन्यासी माणसानं व्यापाऱ्याची वही समजावून सांगावी, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी विचारलं, ही पद्धत त्याचीच का? मी म्हटलं, नाही, व्हेनिसचे व्यापारी आधीपासून तसंच लिहीत होते, यानं ते पुस्तकात घातलं.

"म्हणजे त्यानंही कुणा दिवाणजीच्या शेजारी बसून बघितलं असणार."

सगळंच अण्णांकडून मिळालं, असं म्हणणं खोटं ठरेल. परिव्यय लेखांकन, भागभांडवल, लेखापरीक्षण यांतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते शिकवलं पडद्यावरच्या एका बाईंनी. त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. त्यांचं एकेक व्याख्यान मी सहा-सात वेळा ऐकलं असेल. माझं नाव त्यांना माहीत नाही, माझा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. आणि सासूबाईंचं. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी सकाळची भाकरी हातातून काढून घेतली, दुखऱ्या गुडघ्यांनी उभं राहून.

२०२२ च्या पाडव्याला अण्णांनी दुकानातली शेवटची वही पुजली आणि घरी बसले. मग मी रविवारी गावभागात जाऊ लागले.

२०२४ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. प्रमाणपत्राची प्रत, नारळ, पेढे, धोतरजोडी आणि एक पाकीट घेऊन मी गेले. पाकिटात माझा एका महिन्याचा पगार होता. अण्णांनी नारळ घेतला, पेढा अर्धा करून अर्धा मला दिला, धोतरजोडी मांडीवर ठेवली. पाकीट मात्र माझ्या पिशवीत परत घातलं.

"माझ्या वहीत तुझ्याकडं काही येणं नाही, पोरी."

मी म्हटलं, "वही कुणाची ते बघा, अण्णा. माझ्या वहीत तुमच्या खाती जमा आहे, आणि ते खातं मी बंद करणार नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर प्रमाणपत्रावरून बोटं फिरवत त्यांनी विचारलं, नाव कुठं आहे? मी त्यांचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. काचबिंदूनं तोवर त्यांची नजर जवळजवळ गेली होती.

आता अण्णा ८१ वर्षांचे आहेत. गावातल्या एका पतसंस्थेचे ते जुने सभासद, आयुष्यभराची ठेव तिथंच. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि अण्णांनी ती कधी चुकवलेली नाही. आता अहवाल मी वाचून दाखवते. आधी ताळेबंद, मग नफा-तोटा पत्रक, मग लेखापरीक्षकांचे शेरे. हा क्रम त्यांचा. गेल्या वर्षी थकबाकी वाढलेली असताना तिच्यासाठीची तरतूद तेवढीच का, हे त्यांनी दोन वेळा वाचून घेतलं, आकडे पाठ केले आणि सभेत उभं राहून विचारलं.

यंदाचा अहवाल परवा आला आहे. रविवारी सकाळी दहाला मी गावभागात जाणार आहे.