परसातली भेंडी, स्लॅबवरची भेंडी

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडात आता पुष्कळ घरांच्या स्लॅबवर हिरवळ दिसते. रंगाच्या रिकाम्या बादल्या, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, तळ फुटलेली टोपली, मधून कापलेली पाण्याची जुनी टाकी. जे मिळेल त्यात माती भरून कुणी मिरची लावतं, कुणी कोथिंबीर. या सगळ्यांत उंच उभी असते ती भेंडी. सकाळी तिचं फिकट पिवळं फूल उमलतं, आत गर्द जांभळा डोळा असतो आणि संध्याकाळपर्यंत ते मिटूनही जातं.

माझ्या लहानपणी याच घरांवर माळवदं होती. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या आणि वर हातभर माती. म्हणजे डोक्यावर अख्खं वावर होतं, पण त्यात काही उगवू द्यायचं नाही, असा घराचा दंडक होता. पावसाळ्यात माळवदावर गवत उगवलं की कुणीतरी शिडी लावून ते उपटायचं. मुळाच्या वाटेनं पाणी आत उतरलं तर घर गळायचं. भेंडी असायची खाली, परसात. आज छत सिमेंटचं झालं, परस गेला आणि भेंडीसाठी आपण पोत्यातून माती वर नेतो. या उलथापालथीत नेमकं काय हरवलं आणि काय परत मिळवता येईल, हे मला सांगावंसं वाटतं.

परसाचं सगळं गणित न्हाणीपासून सुरू व्हायचं. आड आमच्या दारात, पण पाणी ओढायला दोन हात लागायचे, म्हणून पाण्याला किंमत होती. न्हाणीचं पाणी एका चरातून मागं जायचं. चराच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ, कारण त्यांना पाय ओले चालतात. भेंडी मात्र तिथून चार हात लांब, जरा उंचवट्यावर. तिच्या मुळाशी पाणी साचलं की ती पिवळी पडते, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. अंगाला शिकेकाई नाहीतर डाळीचं पीठ, भांड्याला राख. त्यामुळे ते सांडपाणी झाडाला बाधायचं नाही. चुलीतली राख भेंडीच्या पानांवर भुरभुरायची, म्हणजे मावा कमी पडायचा. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर, उकिरड्यावरचं खत वाफ्यात. विकत घ्यायची वस्तू त्यात एकही नव्हती. "पाणी गटारीला जाऊ दिऊ नगा, झाडाला घाला," एवढंच आजीचं शास्त्र, आणि ते आजही खोटं ठरलेलं नाही.

परसाबाहेरची भेंडी शेतात असायची. मृगाच्या पेरणीला बायकांच्या ओटीत वेगळं बी असे: भेंडी, गवार, चवळी, वाळूक, अंबाडी. ज्वारी-तुरीच्या, मुगाच्या ओळींत ते अधूनमधून टाकायचं. त्या माळव्यावर, म्हणजे या भाज्यांवर, घरातल्या पुरुषांचा हक्क नव्हता. खुरपायला गेलेली बाई येताना ओटीत मूठभर भेंड्या घेऊन यायची आणि रात्रीची भाजी व्हायची. पुढं सोयाबीन आलं. लातूरच्या बाजाराला त्यानं देशभर नाव दिलं आणि शेतकऱ्याच्या हातात पैसाही. पण वावरात एकच पीक उभं राहिलं. खुरपणीची जागा तणनाशकानं घेतली. ते फवारलं की सोयाबीन तगतं, ओटीतून टाकलेलं माळवं तगत नाही. मिश्र पेरणीतली भेंडी अशी गेली, कुणी ठरवून घालवली नाही.

आमच्या भागात भेंडीचा आणखी एक मान होता, तो गुऱ्हाळात. उसाचा रस काहिलीत उकळायला लागला की त्यात मळी वर येते. ती नीट धरून यावी म्हणून रानभेंडीचं खोड ठेचून, पाण्यात चोळून, त्याचं बुळबुळीत पाणी रसात ओतायचे. त्या चिकटपणात रसातली घाण अडकून साय धरायची, गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकायचा आणि गूळ स्वच्छ निघायचा. ज्या बुळबुळीतपणाला पोरं जेवताना नाक मुरडायची, त्यावरच गुळाचा रंग अवलंबून होता. नंतर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पांढऱ्या पावडरी आल्या आणि भेंडीचं पाणी मागं पडलं. आता रसायनाशिवायचा गूळ मागणारं गिऱ्हाईक वाढलं, तशी काही गुऱ्हाळांवर भेंडी पुन्हा ठेचली जाते. मला या गोष्टीचा मनापासून आनंद होतो.

माळवदं गेली ती 30 सप्टेंबर 1993 नंतर. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि वरच्या मातीचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. सुमारे 8 हजार माणसं गेली. त्या पहाटेनंतर जिल्ह्यात माळवदाखाली निर्धास्त झोप कुणाला लागली नाही. ज्यांना जमलं त्यांनी माती उतरवली, पत्रे टाकले, पुढं स्लॅब घातला. ते योग्यच झालं. माळवदाच्या गारव्याची कितीही आठवण आली, तरी त्या भाराखाली पुन्हा कुणी झोपावं असं मी म्हणणार नाही. पण घर नव्यानं बांधताना परसाचीही जागा बांधकामात गेली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, न्हाणीच्या चराला सिमेंटची नाली आली, जनावरं विकली गेली, चुलीच्या जागी गॅस आला. राख, शेण, सांडपाणी आणि मोकळी जागा, या चारी गोष्टी काही वर्षांत घरातून निघून गेल्या.

म्हणून आज बादलीत भेंडी लावणाऱ्याला सगळं विकत आणावं लागतं. बादली वीस लिटरची बरी. भेंडीला सोटमूळ असतं, ते सरळ खाली जातं, त्यामुळे निदान फूटभर खोली हवी. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला आवडत नाही. बी रात्रभर भिजवून थेट जागेवरच टोचायचं. एका बादलीत तीन दाणे टाकून, उगवल्यावर जोमदार तेवढं एक, फार तर दोन ठेवायची. आपली काळी माती वावरात सोनं आहे, पण बादलीत ती एकटी चालत नाही. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तळाशी पाणी धरून बसते. निम्मी माती, निम्म्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, आणि तळाला चार-पाच भोकं. बी चार ते सात दिवसांत वर येतं, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल दिसतं आणि फुलापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते. मग एक दिवसाआड तोडणी चुकवायची नाही; जून भेंडी झाडावर राहिली की झाड नवी फुलं धरायचं कमी करतं.

पाण्याची गोष्ट मुरुडच्या माणसाला वेगळी सांगायला नको. आमच्या गावातून रेल्वे जाते. ब्रिटिशांच्या काळात बार्शी लाईटची अरुंद गाडी 1911 साली लातूरला पोचली, नंतर रूळ रुंद झाले. त्याच मार्गानं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरसाठी पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि आमच्या स्टेशनावरून पिण्याचं पाणी रुळांवरून पुढं चाललेलं. त्या उन्हाळ्यात झाडाला तांब्याभर पाणी घालतानाही मन खायचं. म्हणून स्लॅबवरच्या भेंडीला नळाचं ताजं पाणी घालणं मला आजही पटत नाही. उन्हाळ्यात एका बादलीला रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं, आणि तेवढं स्वयंपाकघरातून सहज निघतं: तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. साबणाचं आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र रोज घालू नये. त्यातले क्षार बादलीत साचत जातात. मातीवर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरलं की ओल टिकते. ज्या पिकानं माळव्याला वावरातून हुसकलं, त्याच्याच भुसकटाखाली भेंडीचं मूळ गार राहतं. पारा 42 अंशांच्या वर गेला की फुलं गळतात, तेव्हा दुपारपुरती एखाद्या जुन्या साडीची सावली पुरते.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो बियाण्यात. पूर्वी वाफ्यातलं सर्वांत निरोगी झाड हेरून त्याच्या दोन-चार शेंगा बियाला राखायच्या. त्यांना आधीच चिंधी बांधलेली असे, म्हणजे कुणी चुकून तोडू नये. शेंगा झाडावर तडकेपर्यंत वाळवायच्या, दाणे राखेत मिसळून गाडग्यात ठेवायचे. सासरी निघालेल्या लेकीच्या पदराला त्यातलं बी बांधलं जाई. आता पाकिटातून रंगवलेलं, औषध लावलेलं बी येतं. पीक जोरदार येतं, पण संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच झाड देत नाही. दरवर्षी नवं पाकीट.

इथं मला परभणीची आठवण होते, आणि ती अभिमानानं होते. भेंडीचा मोठा वैरी म्हणजे हळद्या, ज्याला केवडाही म्हणतात. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, शेवटी शेंगही. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी ही जात एके काळी या रोगाला तोंड देत होती, पुढं तिची ताकद ओसरली. तेव्हा 1972 साली स्थापन झालेल्या आमच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं पुसा सावनीचा एका रानटी जातीच्या भेंडीशी संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या निवड केली आणि 1985 मध्ये 'परभणी क्रांती' दिली. गर्द हिरवी, सडपातळ, कोवळी शेंग आणि हळद्याला दाद न देणारं झाड. ही जात देशभर गेली. आणि ती सरळ वाण आहे, म्हणजे तिचं बी घरी धरता येतं. इतक्या वर्षांत तिचीही रोगाला अडवण्याची शक्ती कमी झाली आहे, म्हणून पिवळं पान दिसताच झाड उपटून टाकावं आणि निंबोळी अर्क फवारून पांढरी माशी आटोक्यात ठेवावी. पण मराठवाड्याच्या मातीत घडलेली ही भेंडी मराठवाड्याच्या स्लॅबवर असावी, असं मला फार वाटतं.

ताटातला फरक मात्र जिभेला लगेच कळतो. बाजारातली भेंडी आदल्या दिवशीची, दमट पोत्यात राहिलेली. घरची भेंडी मोडली की टचकन आवाज येतो. पुसून, कोरडी करून चिरायची, लोखंडी तव्यावर परतायची, वरून शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला. शेजारी ज्वारीची भाकरी. नाहीतर ताक घालून पातळ भाजी. आंबटपणानं चिकटपणा मोडतो. यात तेव्हाचं आणि आताचं असं काही वेगळं नाही; चव आहे तीच आहे.

जुना परस परत येणार नाही, आणि त्याच्यासाठी घरं पाडावीत असंही नाही. आड बुजले, वाटण्या झाल्या, ते मागं नेता येत नाही. पण परसाची खरी ताकद जागेत नव्हती. घरातलं पाणी, खत आणि बी घरातच फिरत राहायचं, तिथं ती होती. हे फिरणं बादलीतही सुरू करता येतं. भाजीची देठं-सालं एका डब्यात कुजवली की खत घरचं होतं, धुण्या-निवडण्याचं पाणी वर नेलं की पाणी घरचं होतं, आणि दोन शेंगा बियाला राखल्या की बीही घरचं होतं.

त्यासाठी आमच्याकडे रीतही तयार आहे. पावसाळी भेंडीच्या शेंगा दिवाळीनंतर वाळतात. संक्रांतीला हळदीकुंकू असतं, आणि उन्हाळी भेंडीची लागवड त्याच सुमाराला, जानेवारीच्या शेवटी नि फेब्रुवारीत करायची असते. एका वाळल्या शेंगेत चाळीस-पन्नास दाणे सहज निघतात. म्हणजे एका झाडावर अख्ख्या गल्लीचं वाण निघतं. वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या वाट्या घरोघरी पुष्कळ साठल्या आहेत. येत्या संक्रांतीला मुरुडातल्या मायबहिणींनी वाण म्हणून कागदाच्या पुडीत भेंडीचं दहा-दहा दाणे बी लुटावं, आणि घेणारीनं पुढच्या वर्षी आपल्या बादलीतलं बी तिसरीला द्यावं. एवढं सुरू झालं, तर ओटीतून वावरात पडणारं ते बी पुन्हा बायकांच्याच हातानं गावभर फिरायला लागेल.