हँडल दोन बोटं वर

हुबळी मागे पडली तेव्हा माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारची अनामिका पार बधिर झाली होती. पुण्याहून निघाल्यावर निपाणीपर्यंत नुसत्या मुंग्या येत होत्या, हात झटकला की जायच्या. हावेरीच्या पुढे झटकूनही उपयोग होईना. चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे बोटांतून निसटू लागले आणि संध्याकाळी बॅगेची चेन लावायला दोन्ही हात लागायला लागले.

रस्त्यात ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचं उत्तर ठरलेलं: "सवय होईल." महामार्गावर भेटलेले सायकलस्वार तेच म्हणाले आणि जिथून सायकल घेतली त्या दुकानातूनही फोनवर तेच ऐकायला मिळालं. या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो. मांड्या दुखतात त्याची सवय होते, चढावर दम लागतो त्याचीही होते. पण बोटांतली संवेदना जाणं ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही.

दावणगिरीत बेण्णे डोसा खाता खाता एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन केला. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत जो करंट जातो, तो ज्या नसेतून जातो ती अल्नर नस. तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेत दोन लहान हाडांमधून ती बोटांत उतरते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गुयाँ यांनी १८६१ मध्ये या चिंचोळ्या वाटेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. हँडलवर आपण सगळा भार टाकतो तो नेमका याच जागी. शिवाय मनगट मागे मोडलेलं असलं आणि रस्त्याचे हादरे बसत राहिले, की नस दबते. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असती तर दोष मनगटातल्या दुसऱ्या नसेकडे गेला असता. "बिलाचा कागद अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धर आणि दुसऱ्या हाताने ओढून बघ," मैत्रीण म्हणाली. कागद सुटला नाही. "म्हणजे ताकद शाबूत आहे. पण बंगळुरूला पोचलीस की हँडल बघून घे. तशीच चालवत राहिलीस तर पकड जाईल."

डोसा मात्र अप्रतिम होता. लोण्यात भिजलेला आणि कडेला कुरकुरीत. बंगळुरूतल्या गोड सांबाराशी माझं कधीच जमलं नाही, दावणगिरीच्या खोबऱ्याच्या चटणीसाठी मात्र मी पुन्हा एवढी सायकल मारेन. चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या, शिऱ्याचं ऊन, तुमकूरची तट्टे इडली हे सगळं हात मांडीवर घासत पार पडलं.

बंगळुरूत मुक्काम बसवनगुडीत होता. गांधी बाजारामागच्या एका बोळात सायकलचं जुनं दुकान आहे असं यजमानांनी सांगितलं. दुकान म्हणजे दोन शटरं, वर टांगलेल्या रिमा आणि स्टुलावर बसलेले सत्तरीचे काका. माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून ते मराठीतच बोलायला लागले. भावसार समाजातले, कैक पिढ्या इथेच गेल्या, पण घरात अजून मराठी. मधूनमधून वाक्य कन्नडमध्ये शिरायचं आणि परत यायचं.

सायकलला हात लावण्याआधी त्यांनी माझे तळहात बघितले. डाव्या पंजाच्या कडेला लाल वळ होता. मग सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलं.

"अक्का, आता हँडल सोडा. नुसतं बसा."

मी हात सोडले आणि हळूहळू पुढे घसरू लागले. त्यांनी मान हलवली. "हात दुखतात, पण दुखणं सीटचं आहे."

त्यांनी गवंड्याची पाणसळ काढून सीटवर ठेवली. बुडबुडा मागे पळाला. सीटचं टोक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी सारखी पुढे घरंगळत होते आणि ती घसरण माझे हात थोपवत होते. त्यांनी सीट समतल केली आणि जराशी मागे सरकवली. पुन्हा हात सोडायला लावले. या वेळी बसल्या जागी राहिले. अजून हँडलला त्यांनी हातही लावला नव्हता आणि माझे खांदे खाली आले होते.

मग हँडलची पाळी. स्टेमच्या वरच्या बाजूला चिमट्याच्या नळीवर तीन चकत्या नुसत्याच बसल्या होत्या. काकांनी बाजूचे दोन बोल्ट सैल केले, वरचं झाकण काढलं आणि त्या चकत्या स्टेमच्या खाली घातल्या. हँडल दोन बोटं वर आलं. नवा भाग एकही लागला नाही. परत बसवताना त्यांनी आधी वरचा बोल्ट जेमतेम आवळला, मग हँडल सरळ धरून बाजूचे. "वरचा बोल्ट बेअरिंगचा. हँडल धरतात ते बाजूचे. उलटं केलं की बेअरिंग जातं." पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली, खडखड नाही याची खात्री केली.

माझ्या खांद्याची रुंदी त्यांनी शिंप्याच्या टेपने मोजली. हँडल ६८० मिलिमीटर, माझ्यासाठी फारच रुंद. हात फाकले की मनगट बाहेर वळतं. आडवे बसवलेले ब्रेकचे दांडे त्यांनी खाली फिरवले. आता कोपरापासून बोटापर्यंत एक रेघ होत होती. दांड्याच्या मुळाशी असलेला बारीकसा स्क्रू पिळून दांडा मुठीजवळ आणला. तो स्क्रू असतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि लहान पंजाच्या किती बायका ब्रेकसाठी बोटं ताणत सायकल चालवत असतील याचा मला भयंकर संताप आला. शेवटी तळहाताखाली चपटा पंख असलेल्या मुठी बसवल्या, दांडे आणि मुठी आत सरकवल्या आणि टायरची थोडी हवा सोडली.

"हँडल कापायचं नाही?"

"आधी नंदीला जाऊन या. चढा, उतरा. मग कापू. कापलेलं जोडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे हेब्बाळ, येलहंका करत निघाले. विमानतळाच्या रस्त्यावर बंगळुरूचे सायकलस्वार घोळक्याने चालले होते. देवनहळ्ळीनंतर द्राक्षमळे सुरू झाले. या भागातली निळी-काळी द्राक्षं बंगळुरूच्या नावानेच ओळखली जातात. नंदीबेट्टाची उंची १,४७८ मीटर. वळणांच्या चढावर मी वाकून जोर लावत होते तरी हातावर ओझं आलं नाही. खरी परीक्षा उताराची होती. सगळा रस्ताभर ब्रेकवर बोटं ठेवून खाली आले. करंगळीत किंचित झिणझिणी उरली होती, पण तिच्याखाली रबराचा खडबडीतपणा लागत होता.

पायथ्याजवळून मुद्देनहळ्ळीला वळले. नंदीपेक्षा मला याच गावाची ओढ होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं हे जन्मगाव, आणि त्यांचं इंजिनिअरिंग झालं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवले. सिंहगडाला जाताना त्या धरणावरून मी दर रविवारी जाते. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. तिथे बराच वेळ रेंगाळले.

परतल्यावर काकांना म्हटलं, कापा. त्यांनी पुन्हा एकदा मला बसवून बघितलं, मग करवतीने दोन्ही बाजू तीन-तीन सेंटिमीटर कापल्या, कानशीने कडा घासल्या, बुचं लावली. पुण्याला जाताना सायकल बसच्या पोटात जाणार होती आणि त्यासाठी हँडल, सीट सोडवावी लागणार होती. म्हणून त्यांनी सीटच्या नळीवर, स्टेमवर आणि दांड्यांपाशी पांढऱ्या टेपच्या खुणा केल्या आणि सगळी मापं एका पुठ्ठ्यावर लिहून दिली. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीची सायकलही माझ्यासारखीच, त्याच मापाची. मी पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "मापं तुझी आहेत, ती मला चालणार नाहीत. रविवारी पाणसळ घेऊन ये."