बाईंची ड्युटी लिस्ट

नर्सच्या नोकरीत मी टिकले ती आमच्या इनचार्ज सिस्टरांमुळे. आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणायचो. एका सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डात त्यांच्या हाताखाली माझी पहिली नेमणूक झाली.

शिकाऊ डॉक्टर-नर्स असलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आमच्याकडे रात्री अख्ख्या वॉर्डाला दोघी. खाटा भरल्या की खाली गाद्या पडायच्या. अशा वेळी निम्म्या खाटा तुझ्या, निम्म्या माझ्या, ही सगळीकडची रीत. बाईंना ती पटत नसे. "खाटा काय मोजताय गं, पेशंट बघा," त्या म्हणायच्या. हर्नियाचं ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायांनी फिरणारी पेशंट आणि भाजलेली, दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारी पेशंट, ही कामं सारखी कशी? सकाळी रात्रपाळीकडून ओव्हर घेतानाच त्या वहीत खुणा करायच्या: कुणाला नाकातली रायल्स ट्यूब, कुणाला भरवायचं, कुणाला रक्त. रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नसतं. म्हणून ज्या मुलीकडे रक्ताच्या पिशव्या, तिच्याकडे त्या वेळात नवी अॅडमिशन जात नसे. नवशिकीला गंभीर पेशंट द्यायच्या, पण एकच, आणि शेजारच्या खाटेला जुनी सिस्टर.

सणांचा हिशेबही वहीतच. नाताळला ख्रिस्ती सिस्टरांना सुट्टी, दिवाळीला त्या आमच्या जागी उभ्या. इनचार्जला इव्हिनिंग लागत नसतानाही लक्ष्मीपूजनाची इव्हिनिंग बाई स्वतःच्या नावावर लावायच्या. त्यामुळे लिस्ट भिंतीवर लागली की कुणी तोंड वाकडं करत नसे.

माझी मुलगी तान्ही होती आणि घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नाइट झेपेना. राजीनाम्याचा कागद घेऊन मी बाईंपुढे उभी राहिले. त्यांनी तो बाजूला ठेवला, सगळ्यांना बोलावलं आणि वहीचं नवं पान उघडलं. माझ्या कुठल्या नाइट कोण करणार ते सगळ्यांसमोर लिहिलं. मला रडू आलं तेव्हा म्हणाल्या, "उपकार नाहीत हे. उसनं आहे, फेडायचंय."

मुलगी बालवाडीत गेल्यावर मी फेडू लागले. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या वडिलांचं आजारपण, प्रत्येक नाइटपुढे बाई बरोबरची खूण करायच्या. त्या पानामुळेच मला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

पुढे मीही इनचार्ज झाले आणि वही तशीच चालू ठेवली. आज नव्याने इनचार्ज होणाऱ्या मुलींना माझं एवढंच सांगणं आहे: लिस्ट लावण्याआधी वॉर्डातून स्वतः एक चक्कर मारा, आणि सणाच्या ड्युटीवर पहिलं नाव आपलं लिहा.