एका जीपचे वायरिंग आणि मूळ पाठाचा प्रश्न

जुनी वस्तू दुरुस्त करताना 'मूळ' या शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा, हा प्रश्न आपण साहित्याची माणसे पोथ्यांच्या संदर्भात नेहमी विचारत आलो आहोत. संहिता, पाठभेद, प्रक्षेप, शुद्ध प्रत ही आपली रोजची परिभाषा. ती मोटारगाडीच्या बाबतीत वापरावी लागेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने आमच्या घरच्या जीपचे सगळे वायरिंग बदलायला काढले, आणि त्याजागी कोणते घ्यावे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. कारण साधे होते. वडिलांनी तीस-पस्तीस वर्षांत त्या वायरिंगमध्ये जे जे फेरफार केले, त्यांच्या नोंदी एका वहीत होत्या, आणि बाबांचे मोडी वळणाचे अक्षर घरात मला एकटीलाच नीट लागते.

जीपविषयी थोडे सांगायला हवे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकन विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली, आणि पुढे परवान्याने सीजे-३बी हे मॉडेल इथेच बनवायला घेतले. उंच बॉनेटची ती जीप. आत बसवलेले इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते म्हणून बॉनेटही उंच झाले. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. त्यानंतरच्या काळात यवतमाळसारख्या जिल्ह्यात खेड्याच्या वेशीवर जीप दिसली की 'सरकार आले' असे समजले जाई. आमची जीप १९६६ साली नोंदलेली. बाबांनी ती १९८० मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली आणि पांढरकवड्याजवळच्या शेतावर आणली. कापूस, तूर आणि नंतरच्या काळात सोयाबीन, अशा त्या शेतात ती गेली चार दशके राबते आहे. आमच्या घरी तिच्याकडे शोभेची वस्तू म्हणून कोणी कधी पाहिले नाही.

वायरिंगचा हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधून केलेला गठ्ठा. बॅटरीपासून निघून तो डॅशबोर्डमागे जातो, तिथून दिव्यांकडे, हॉर्नकडे, इंजिनाकडे त्याच्या फांद्या फुटतात. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी अंगातून येतो. भावाने तो गठ्ठा बाहेर काढून ओसरीवर पसरला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले, की हे एका माणसाचे किंवा एका काळाचे काम नाही. सर्वांत आत सुती विणीच्या आवरणातला कारखान्याचा गठ्ठा होता. कापसाच्या जिल्ह्यात राहून मोटारीच्या पोटात कापूस असतो हे मला ठाऊक नव्हते. त्याच्यावर सरकारी वर्कशॉपमध्ये घातलेल्या वायरी होत्या. त्यांचे रंग काही अंशी लुकास कंपनीच्या ब्रिटिश पद्धतीने जात होते. त्या पद्धतीत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट प्रवाह, पांढरा म्हणजे इग्निशन, निळा म्हणजे हेडलाइट, काळा म्हणजे अर्थ. आणि या सगळ्यावर बाबांच्या वायरी होत्या. त्यांना रंगाचे व्याकरणच नव्हते. तालुक्याच्या दुकानात त्या दिवशी जी वायर मिळाली ती. प्रत्येकीच्या टोकाला मात्र कापडाची पट्टी बांधलेली, आणि तिच्यावर शाईने तारीख व काम लिहिलेले.

गठ्ठा बदलणे टाळता येण्यासारखे नव्हते. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. इंजिनाजवळची उष्णता त्यात मिळाली की वायरीवरचे आवरण वर्षागणिक कडक होत जाते आणि वाकवताच तडकते. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंशांची, आणि जुने रबर तर त्याआधीच भुगा होते. उरलेले काम उंदरांनी केले होते. दोन ठिकाणी तांबे उघडे पडले होते आणि तिथे लोखंड टेकून काळे डाग उमटले होते. पेट्रोलच्या गाडीत याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेला, सुती विणीचा हार्नेस बाहेरून मागवणे. जुन्या जीपा जतन करणाऱ्यांसाठी असे हार्नेस परदेशात तयार मिळतात. दुसरा, दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारातून किंवा पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीसारख्या, उघड्या जीपा बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाकडून सर्व जीपांना 'चालेल' असा तयार गठ्ठा आणणे. तिसरा, आपल्याच गावच्या वायरिंगवाल्या मिस्त्रीकडून जुना गठ्ठा समोर ठेवून नवा बांधून घेणे.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने भावाच्या एका मित्राने एक मुद्दा मांडला. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेले वाहन त्यात बसते. आमची जीप वयाने बसत होती. इंजिनही तेच होते. वायरिंग जर मूळ पद्धतीचे केले, तर गाडी संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची होईल, असे त्याचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. परंतु त्याच नियमांनुसार अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मूळ रूप परत द्यायचे आणि मोबदल्यात तिचे काम काढून घ्यायचे. भावाला गाडी हवी होती ती जागलीसाठी.

जागल हा शब्द आमच्याकडे अजून जिवंत आहे. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून रात्रभर शेतावर जागणे म्हणजे जागल. शिवाय वर्षानुवर्षे शेतीपंपाला वीज मिळत आली तीही बहुधा रात्रीच्या पाळीत. बाबांच्या वहीतली सर्वांत जास्त पाने याच गोष्टीवर खर्च झाली आहेत. जीपच्या मागच्या बाजूला फिरता दिवा, त्याची वेगळी वायर, वेगळे बटण, पुढे दिवा बदलला तेव्हा जाड वायर. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. त्या नोव्हेंबरात ती मारली गेली, तोवर अनेक माणसांचे जीव गेले होते. त्या काळात भाऊ जागलीला जायचा तो जीप घेऊनच, आणि त्या दिव्याच्या उजेडातच गाडीतून उतरायचा. कारखान्याच्या नकाशात हा दिवा नाही. आपल्या परिभाषेत तो प्रक्षेपच. पण मूळ पाठ शुद्ध करण्याच्या नावाखाली तो काढून टाकायचा तर अंधारात उतरणार कोण?

इथे थोडे गणित आले. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, पाच मीटर लांब तांब्याच्या वायरीचा रोध सुमारे ०.०९ ओहम असतो. साठ वॉटचे दोन हेडलाइट बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात. म्हणजे जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च होतात. ऐकायला हे थोडे वाटते, पण दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो, आणि एवढ्या घटीने तो पाचव्या भागाहून अधिक कमी होतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.३५ व्होल्टवर येते. म्हणून हार्नेस निवडताना रंगापेक्षा आणि विणीपेक्षा आधी जाडी पाहायची, हा पहिला धडा. दुसरा धडा डायनॅमोचा. बाबांनी १९९० च्या दशकात डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला होता. डायनॅमोला बॅटरीचा प्रवाह उलटा येऊ नये म्हणून कटआउट लागतो. अल्टरनेटरमध्ये ते काम आतले डायोड करतात. शिवाय जुन्या रचनेत चार्जिंगचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून जातो. अल्टरनेटर अधिक प्रवाह देतो, आणि ती वायर तेवढीच बारीक राहिली तर तापते. अक्षरशः मूळ नमुन्याचा हार्नेस बसवला असता तर तो या गाडीला लागूच पडला नसता. दिल्लीचा 'सर्वांना चालेल' असा गठ्ठा जोडता आला असता, पण त्याला या गाडीचा इतिहासच ठाऊक नव्हता. त्यातली निम्मी टोके लोंबकळत राहिली असती.

याच सुमारास वर्गात पाठचिकित्सा शिकवत होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये अशी ताकीद दिली. दुसरीकडे आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण. ऋद्धिपुरात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची पोथी परचक्रात हरवली आणि ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. तिचे निरनिराळे पाठ झाले ते त्यामुळे. तिसरी वाट भांडारकर संस्थेच्या महाभारताची. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ पासून त्याचे संपादन करताना व्यासांची मूळ संहिता हाती लागेल असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितका जुना पाठ गाठता येईल तितका मुख्य संहितेत घेतला, आणि मागाहून शिरलेला मजकूर फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवला. प्रक्षेपाला प्रक्षेप म्हणायचे, पण त्याची जागा नाकारायची नाही, ही त्यातली सभ्यता मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. योगायोग असा, की जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये तुरिन येथील सनदेत जवळजवळ हेच म्हटले आहे : वाहन नियमित वापरात असताना त्यात झालेले बदल हीदेखील त्याच्या इतिहासाची साक्ष असते.

अर्थात हे सगळे मी मिस्त्रींना सांगितले नाही. त्यांनी ओसरीवरचा गठ्ठा बराच वेळ हातात फिरवला, बाबांच्या पट्ट्या वाचायला लावल्या, आणि म्हणाले, "ताई, ज्यानं हे वायर टाकलं त्याले त्या टायमाले काही काम पडलं असंन. थे काम आता आहे का नाही, एवढं सांगा. मंग मी कापतो." संपादनाचे इतके नेमके तत्त्व मी कोणत्या ग्रंथात वाचलेले नाही. आम्ही दोन दिवस बसून एकेक वायर तपासली. वही माझ्या हातात, वायर त्यांच्या. टेपरेकॉर्डरची वायर गेली, कारण टेपरेकॉर्डर कधीच गेला होता. कटआउटच्या वायरी गेल्या. एक वायर मात्र कुठून निघते आणि कशासाठी हे वहीतही नव्हते आणि मिस्त्रींनाही लागले नाही. ती त्यांनी कापली नाही. टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवली.

शेवटी हार्नेस गावातच बांधला. वायर १०५ अंश सोसणाऱ्या आवरणाची, जाडी प्रत्येक कामाच्या मानाने, रंग जिथे कारखान्याच्या गठ्ठ्यात ओळखता आले तिथे त्याच क्रमाने. हेडलाइटला रिले, आणि आधी दोनच फ्यूज होते तिथे आठांची पेटी. बाबांचा मागचा दिवा मुख्य गठ्ठ्यात गुंफला नाही. त्याला वेगळी फांदी दिली, स्वतःचा फ्यूज दिला. उद्या कोणाला गाडी कारखान्याच्या रूपात हवीच असेल, तर एक जोड सोडवून ती फांदी काढता येईल. सुती विणीचे सौंदर्य आम्ही गमावले, हे मान्य केले पाहिजे. काळ्या टेपच्या गठ्ठ्याला ते रूप नाही, आणि बॉनेट उघडले की ते डोळ्यांना खुपते.

मग ही जीप तीच का, असे एका विद्यार्थ्याने विचारले. आमच्या जिल्ह्यात त्याला उत्तर द्यायला ग्रीक तत्त्वज्ञांकडे जावे लागत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर कापसासाठी घातलेल्या छोट्या रेल्वेचे मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ मध्ये काढले आणि डिझेलचे जोडले. लोकांनी तिला शकुंतलाच म्हटले. आज ती बंद आहे, तरी शकुंतलाच म्हणतात. नाव टिकते ते सुट्या भागांमुळे नव्हे, तर काम आणि आठवण यांची साखळी न तुटल्यामुळे, असे मला वाटते. विद्यार्थ्याचे समाधान झाले नाही. ते योग्यच झाले.

जुना गठ्ठा बाबांच्या पट्ट्यांसकट पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. नव्या वायरिंगचा नकाशा मी काढला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला. कोणती ओळ कारखान्याची, कोणती वर्कशॉपची, कोणती बाबांची आणि कोणती आमची, हे त्यात वेगवेगळ्या खुणांनी दाखवले आहे. त्या न कळलेल्या वायरीपुढे प्रश्नचिन्ह आहे. हे आवरणही वीस-पंचवीस उन्हाळ्यांनंतर कडक होईल, आणि कोणाला तरी पुन्हा सगळे बाहेर काढावे लागेल. त्या वेळी त्याला निदान हे कळावे, की आम्ही कुठे वाचले आणि कुठे अंदाज केला.